‘सोबतचे अर्ज’ या दोन शब्दांबाबत खुलासा

प्रति,
मा. अध्यक्ष,
पक्षाची जिल्हा शाखा, अहमदनगर.

विषय : आमच्या गटात पक्षाला उमेदवारच न उरल्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १७ फेब्रुवारी १९९७.

महोदय,

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पक्षाशी गद्दारी केल्याबद्दल मला सहा वर्षांसाठी का काढू नये, असे आपण विचारले आहे. सतरा वर्षांत आपण मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून सविस्तर कळवतो.

१. गटातून तिकीट मागणारे आम्ही दोघे. एक मी, दुसरे आपले भाचे श्री. ज्ञानेश्वर. त्यांचे वर्कशॉप नगरजवळ नागापूरला, राहणेही तिकडेच. गावच्या मतदार यादीत नाव तेवढे आहे. आपण दोघांनाही अर्ज भरायला लावले आणि दोघांकडूनही माघारीच्या कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या. ज्याला तिकीट मिळेल त्याचा माघारीचा अर्ज मी स्वतः फाडीन, असे आपण सर्वांसमक्ष म्हणालात.

२. ऐक्य दिसावे म्हणून भाच्यांच्या अर्जावर सूचकही मलाच केलेत. ज्याच्यासाठी मला डावलायचे, त्याचे नाव मीच सुचवायचे! ही युक्ती ज्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार. सही करताना मला फार अपमान वाटला. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

३. तिकीट भाच्यांना मिळाले, यात नवल नाही. माघारीच्या दिवशी आपण बंद पाकीट आणि चिठ्ठी माझ्याकडे पाठवलीत. चिठ्ठीत आपल्या अक्षरात आहे : ‘सोबतचे अर्ज ताबडतोब दाखल करावेत.’ अध्यक्षांचे पाकीट फोडणे शिस्तीत बसत नाही. ते तहसील कचेरीत कारकुनाने फोडले. आत माझा माघारीचा अर्ज होता, भाच्यांचाही होता, आणि त्यांच्या वतीने सूचकाने माघार द्यावी असे कोऱ्या अर्जाबरोबरच घेतलेले त्यांच्या सहीचे अधिकारपत्रही होते. कारकुनाने “दोन्ही द्यायचे का हो?” असे दोनदा विचारले. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘सोबतचे’ लिहिले आहे, ‘सोबतचा’ नव्हे. अनेकवचन आपले आहे. मी हुकूम पाळला. भाच्यांना विचारावे, तर ते पत्रकासाठी फोटो काढायला नगरला गेले होते. फोटो चांगला आल्याचे कळते.

४. फाडायचा कागद फाडायला आपण विसरलात, त्याला गद्दारी म्हणायचे असेल तर नोटिशीवरचे नाव एकदा तपासावे.

५. आता रिंगणात विरोधी पक्षाचा उमेदवार आणि एक अपक्ष, एवढेच उरले आहेत. ती अपक्ष माझी पत्नी सौ. चांगुणा. माझा अर्ज छाननीत उडाला तर असावा म्हणून तिचा डमी अर्ज भरला होता. तिच्याकडून माघारीची सही घ्यायचे आपल्याला सुचले नाही. बाईचा अर्ज मोजण्यात आला नाही, त्यात माझा दोष नाही. खरे सांगायचे तर मीही मोजला नव्हता.

६. पक्षाचा पाठिंबा तिला जाहीर करतो, असा निरोप काल आपण माझ्याकडे धाडलात. तो मी तिला सांगितला. ती म्हणाली, “त्यांला काय पायजे ते त्यांनीच येऊन सांगावं. तुमी मधी बोलू नगा.” तरी आपण मिरजगावी समक्ष यावे. येताना आपण कोण, किती वर्षे राजकारणात आहात आणि गटातली किती घरे ओळखता, हे एका अर्जात लिहून आणावे. ती सकाळी धार काढून झाल्यावर भेटेल. पाठिंबा घ्यायचा की नाही, ते तीच ठरवील. माझ्याकडे वशिला लावू नये. ती मलाही विचारत नाही.

सोबत : आपली चिठ्ठी (नक्कल, अस्सल जपून ठेवली आहे).

काढून टाकेपर्यंत आपलाच,
मच्छिंद्र छगन कानगुडे
मु. पो. मिरजगाव, ता. कर्जत
दि. २० फेब्रुवारी १९९७