चीजच्या डबीतलं घुबड

नीडरलिंडन,
संत मार्टिनच्या मिरवणुकीनंतरचा रविवार

इर्मा अक्का,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. (कागदावर घालतोय म्हणून साष्टांग, प्रत्यक्षात माझा डावा गुडघा वाकत नाही हे तुम्ही जाणताच.) तुमची कंबर कशी आहे? समुद्रावरचा वारा सुटला की अक्काची कंबर धरते, असं रोझविटा नेहमी म्हणायची. आता इकडेही वारा सुटलाय, म्हणून आठवण झाली. तुमच्या मांजराचं पथ्य चालू आहे ना? मी बरा आहे. म्हणजे खातो, पितो, डॉक्टर सांगतात तेवढं चालतो. बाकी सगळ्याचा बट्ट्याबोळ झालाय, तो सविस्तर कळवावा म्हणून हे पत्र.

तुम्हाला ठाऊकच आहे, मिरवणुकीचा कंदील दर वर्षी तुमची बहीण, माझी रोझविटा, करायची. ती कात्री, रंगीत कागद आणि खळ घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, मी समोर पेपर वाचायचो आणि मधूनमधून मान वर करून ‘वा, छान’ म्हणायचो. (कंदिलाच्या कामातला माझा वाटा तेवढाच, पण तोही मी मनापासून करायचो.) मिरवणूक झाली की तोच कंदील आमच्याकडे मेर्लेच्या पलंगावर टांगायचा, आत बारीक दिवा सोडायचा, आणि त्या उजेडात आमची नात पुढचं वर्षभर गाढ झोपायची. आमच्या लेकीची, सिल्केची, हॉस्पिटलात रात्रपाळी असली की मेर्लेचा मुक्काम इथेच, हे ती रांगत होती तेव्हापासून चालत आलंय. पण एप्रिलमध्ये रोझविटा गेली. गेल्या वर्षीचा चंद्राचा कंदील कुठे गेला ते आपण दोघंही जाणतो, त्याबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही. तेव्हापासून पोरगी माझ्याकडे आली की टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडते. मी दुकानातून चांगला महागाचा सशाचा दिवा आणला. तिने तो उलटा करून पाहिला, ‘हा कुणीच नाही केलेला’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यात सिल्केच्या सासूबाई, गिझेलाबाई. त्यांच्याकडे ड्युसेलडॉर्फला एक विजेवरचं कासव आहे, बटण दाबलं की ते छतभर तारे पाडतं. (सोबत लाटांचा आवाजही काढतं. मला विचाराल तर त्या आवाजाने मोठ्या माणसाला उठून बाहेर जावं लागेल.) ऑक्टोबरात सिल्के माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, राग मानू नका, पण पोरीची झोप होत नाही. असंच चाललं तर तिला गिझेलाआईंकडे ठेवावं लागेल.” अगदी लाडाने बोलली, पण बोलली. अक्का, मेर्ले यायची बंद झाली तर या घरात बोलायला मला फक्त रेडिओ उरेल, आणि तो माझं ऐकून घेत नाही. म्हणून मी त्याच दिवशी ठरवलं, की या वर्षीचा कंदील मी करणार, तो जमणार, आणि पोरगी माझ्याच घरी झोपणार.

बालवाडीत आईबापांसाठी कंदील करायची संध्याकाळ असते, तिथे गेलो. एवढ्याशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसलो, वर पाहतो तर शिकवायला प्यूट्झबाई! आता ही कोण म्हणाल. मी गाडीच्या लायसनची परीक्षा घ्यायला होतो, तेव्हा या बाईला मी लागोपाठ नापास केलं होतं, कारण ती गाडी मागे घेताना डोळे मिटायची. (शेवटी दुसऱ्या गावी जाऊन पास झाली. आता आमच्या गल्लीत गाडी लावते, पण मी काही बोलत नाही.) तर बाईंनी शिकवलं असं, की फुगा फुगवायचा, त्यावर वॉलपेपरची खळ लावून रंगीत कागदाचे तुकडे डकवायचे, वाळू द्यायचं, मग फुगा फोडायचा की गोल कंदील तयार. सोपं. शेजारची एक आई एका हाताने बाळाला पाजत दुसऱ्या हाताने ते करत होती. माझी खळ बाहीवर, चष्म्यावर, बाळाच्या टोपीवर, फुगा सोडून सर्वत्र. तरी नेटाने घरी आणला आणि लवकर वाळावा म्हणून हीटरवर ठेवला. गरम हवेने फुगा आपला आपणच फुटला आणि ओला कागद हीटरला असा चिकटला की स्वयंपाकाचं उलथनं घेऊन खरवडावा लागला. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या दारात प्यूट्झबाईंनी विचारलं, मी खरं ते सांगितलं, तर बाई गोड हसून म्हणतात, “हरकत नाही ब्रॉइखसाहेब, नीट तयारी करून पुन्हा या.” अक्का, हे माझं वाक्य आहे! तीस वर्षं मी ते लोकांना म्हणत आलो. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे मला या वयात कळलं.

मग म्हटलं, फुगे गेले खड्ड्यात, आपण रोझविटाच्या जुन्या रीतीने करू. लाकडी गोल डबीतलं चीज मिळतं ना, त्या डबीचं झाकण एका अंगाला, बूड दुसऱ्या अंगाला, मध्ये रंगीत कागद गुंडाळायचा. चीज घरात होतंच. फक्त ते रोझविटाने आणलेलं होतं, म्हणजे जुनं होतं. फ्रिजच्या तळाशी होतं आणि मी ते बरेच महिने इकडून तिकडे सरकवत होतो, का ते विचारू नका. पण आपल्या घरात अन्न टाकत नाहीत. म्हणून मी ते बसून खाल्लं, पावासोबत, डोळे मिटून. (पुढचे दोन दिवस कसे गेले ते मोठ्या मेव्हणीला लिहिण्यासारखं नाही.) डबी धुतली, पुसली, उन्हात ठेवली, तरी वास काही गेला नाही. मेर्लेला घुबड हवं होतं. मी डोळे कापले, चोच चिकटवली, पिसं म्हणून कागदाच्या झिरमिळ्या लावल्या. समोरच्या बेकरीवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, “बटाटा छान जमलाय.” मेर्लेने मात्र घुबड हातात घेतलं, वळवून वळवून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “आजोबा, हे तू केलंस?” मी हो म्हटलं. आणि मी मूर्ख, मला वाटलं आपण जिंकलो.

आता मिरवणूक. बालवाडीचा सक्त नियम, कंदिलात बॅटरीचाच दिवा. पण रोझविटाच्या कंदिलात खरी मेणबत्ती असायची, आणि बॅटरीच्या उजेडात माझं घुबड फारच आजारी दिसत होतं. जन्मभर नियम पाळलेल्या माणसाने एकदाच मोडला आणि मेणबत्ती लावली, अक्का. सगळं गाव गाणी म्हणत निघालं, पुढे घोड्यावर लाल झग्यातला संत मार्टिन, मागे पोरं. मेणबत्तीने डबी तापली. डबी तापली तसं चीज जागं झालं. पहिल्यांदा बेकरीवाल्याचा आखूड पायांचा कुत्रा आला, मग औषधवाल्याचा, मग ज्यांना मी कधी पाहिलं नाही असे. पोरांनी गाणं सोडून नाकं दाबली. संत मार्टिन भिकाऱ्याला झगा अर्धा कापून देतो, तो मोठा भावपूर्ण क्षण आला, आणि नेमका तेव्हाच आखूड पायांच्या कुत्र्याने घुबडावर उडी घेतली. मेणबत्ती कलंडली, चोच पेटली, घोडा बिचकला, भिकारी झगा न घेताच पळाला. अग्निशमन दल दर वर्षी मिरवणुकीसोबत चालतं; आजवर त्यांना काही काम पडलं नव्हतं, ते मी दिलं. बादलीभर पाण्याने घुबड विझलं. प्यूट्झबाई मात्र हसल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

मेर्ले रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. जळक्या घुबडाची काठी घट्ट धरून घरापर्यंत आली, मिरवणुकीनंतर पोरांना वाटतात तो गोड पावाचा माणूस दिला तर त्याचं डोकंसुद्धा खाल्लं नाही, आणि दारातच म्हणाली, “मला आईकडे जायचंय.” सिल्के आली आणि घेऊन गेली. काल रात्रपाळी होती. पोरगी कासवाकडे ड्युसेलडॉर्फला. घुबड इथे खिडकीत लोंबतंय, एक डोळा जळालेला, दुसरा माझ्याकडे. मी पार हरलो, अक्का. रोझविटा असती तर हसून हसून टेबलाला धरून बसली असती, आणि मग सगळं नीट केलं असतं. मला ती फार आठवते.

मांजराला माझ्यातर्फे गोंजारा.

आपला,
हुबर्ट

ता. क. चंद्राबद्दल चकार शब्द काढणार नाही म्हटलं होतं, पण काढतो. रोझविटाने केलेला तो शेवटचा कंदील तुम्ही अंत्यविधीनंतर आठवण म्हणून मागितलात आणि मी दिला, तक्रार नाही. पण तो पाठवाल का? खोक्यात वर्तमानपत्र कोंबून पाठवा. त्याच्या उजेडात पोरगी कदाचित परत येईल. हे सगळं पत्र याचसाठी लिहिलं, हे तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलं असेल.

आणखी ता. क. चंद्र पाठवू नका! पाकीट चिकटवणार एवढ्यात फोन आला. मेर्लेने रात्री कासवाला टॉवेलखाली कोंडलं आणि ती झोपलीच नाही. तिला घुबड हवंय. सिल्के म्हणाली, बाबा, येऊन घेऊन जाते. मी म्हटलं, घुबड घराबाहेर जाणार नाही, नियम म्हणजे नियम. ज्याला हवं त्याने इथे झोपायला यावं. मग मेर्ले फोनवर आली. “त्याला वास येतोय ना अजून?” येतोय म्हटलं. “मग धुऊ नकोस हं. तुझ्या घरासारखा येतो.” मंगळवारी येतेय. घुबड तिच्या पलंगावर टांगलंय, आत बारीक दिवा सोडलाय, आणि खिडकी उघडी ठेवलीय.

शेवटचा ता. क. अक्का, तरीही चंद्र पाठवाच. घुबड मेर्लेच्या खोलीत लागलंय. माझ्या खोलीत काही नाही, आणि एप्रिलपासून मी जिन्यातला दिवा लावून दार उघडं टाकून झोपतो. पोरीला सांगू नका.