पावसाचे ऐंशी टक्के

प्रिय समू,

आठ दिवस तू फोन लावते आहेस आणि मी उचलत नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागला असेल. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो आहे. फोनचं काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी माझं भांडण ऐकून घे.

दिवाळीत तू पुण्याहून तो स्मार्टफोन आणलास आणि वर त्यात हवामानाची तीन-तीन ॲप घालून दिलीस. म्हणालीस, "बाबा, तिन्ही वापरून बघा, पटेल ते ठेवा, बाकीची काढून टाका." अगं, मंडईतली भेंडी आहे का ती, मोडून बघायला? त्यातलं पहिलं मला महिनाभर मुंबईचं हवामान सांगत होतं. मुंबईत ढग आले तर मी काय करू? माझं मीठ पनवेलच्या खाडीला आहे. दुसऱ्याला पनवेल सापडलं, पण ते म्हणे तापमान छत्तीस, जाणवतं बेचाळीस. कुणाला जाणवतं? माझ्या अंगाची बातमी याला कुणी दिली? तिसरं तर मास्तरच. ते टक्के देतं. पावसाची शक्यता चाळीस टक्के! म्हणजे मी मिठाची रास चाळीस टक्के झाकू आणि साठ टक्के उघडी ठेवू का? आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे. तेव्हा हा चाळीसवाला पाऊस पास समजायचा की नापास, एवढं तरी त्यानं सांगावं की नाही? आणि मध्येच एक बाई येऊन फेअरनेस क्रीम विकते. माझ्या रंगाचं आता काय व्हायचं राहिलंय!

तुला वाटेल, म्हातारा उगाच चिडतो. पण तू या मिठागरात वाढलीस, तुला तरी कळायला हवं होतं. वाफ्यातून ओढलेलं मीठ बांधावर रास करून निथळत ठेवावं लागतं. लवकर झाकलं तर आतलं कडू पाणी आतच राहतं आणि मीठ ओलसर, कडसर होतं. उशीर केला आणि पाऊस आला तर सगळं पुन्हा खाडीत. झाकायचं कधी, एवढाच काय तो प्रश्न, आणि चाळीस वर्षं त्याचं उत्तर मी देत आलो. कर्नाळ्याचा सुळका किती लांब दिसतो ते बघायचं, वारा कुठून येतो ते बघायचं आणि मूठभर मीठ दाबून हात उघडायचा. मीठ झडून पडलं तर कोरडी हवा, तळव्याला चिकटलं तर राशीवर ताडपत्री घाल. माझ्या राशीवर ताडपत्री पडली की अख्ख्या आगरात पडायची. कुणी विचारायलाही यायचं नाही. एक तुझी आई तेवढी माझ्यावर विसंबून नसायची, ती स्वतः मूठ दाबून बघायची. ती गेल्यापासून मला खोटं पाडणारं घरात कुणी उरलं नाही.

आणि या मानाचं तुझ्या फोननं काय केलं? या एप्रिलातली, गेल्या आठवड्यातलीच गोष्ट. चहाच्या टपरीवर मी सहज खिशातून फोन काढला, तुझा मेसेज आलाय का ते बघायला. तर बांधाशेजारचा गणू सगळ्यांदेखत म्हणाला, "काय दादा, आता तुमीपन मोबाईलला इचारून सांगता काय?" सगळे हसले. बाळूसुद्धा हसला, ज्याच्या बापाला मी मिठाचं काम शिकवलं! माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे मोठ्यानं सांगून टाकलं की तीन दिवस पावसाचा थेंब पडणार नाही, कुणी ताडपत्रीला हात लावू नका. ना सुळका बघितला, ना मूठ दाबली.

संध्याकाळी कृष्णाबाई बांधावरून आली. तुला आठवते ना, तू शाळेतून आलीस की तुझ्या ओंजळीत उकडलेल्या चिंबोरीची नांगी ठेवायची. नवरा गेल्यापासून एकटी ते आगर ओढते. वर्षाचं सगळं त्या एका राशीत. म्हणाली, "दादा, झाकू काय? मना वारा बरा वाटत नाय." मी म्हटलं, "नाय गो, दोन दीस निथलू दे." ती रास तशीच उघडी ठेवून घरी गेली. पहाटे असा कोसळला की दोन तासांत तिची कमरेएवढी रास घोट्याएवढी झाली, आणि उरली तीही चिखलानं काळी. सगळ्यांचंच गेलं. माझंही गेलं, पण मला तू आहेस. आणि तिनं काय करावं? मला शिव्या घालाव्यात की नाही? उलट माझ्याच दारात येऊन म्हणाली, "असू दे दादा, चालीस वर्सान एकदा चुकलं तुमचं." त्या बाईचा मला इतका राग आला, समू, की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

कारण मी चुकलो नव्हतो. कृष्णाबाई बांध उतरून येताना दिसली, तेव्हा मी मूठ दाबून हात उघडला होता आणि मीठ तळव्याला चिकटलेलं होतं. दुसऱ्या हातात तुझा फोन होता. त्यावर ऐंशी टक्के होते. मी फोन खिशात टाकला, हात लेंग्याला पुसला आणि तिला नाही म्हटलं, कारण गणू हसला असता. फोन आठवडाभर तांदळाच्या डब्यात कोंबून ठेवला होता. आज सकाळी तो कृष्णाबाईला नेऊन दिला. वाजला तरी तिला उचलता येत नाही, तिनं तो देवाजवळ ठेवलाय. म्हणून हे पत्र. तू रविवारी ये. त्या तीन ॲपांतलं एक चांगलं निवड, पनवेलचंच सांगणारं, आणि ते तिला वाचायला शिकव, म्हणजे यापुढे तिला कुणाच्या दारात विचारायला यावं लागणार नाही. मग थोडा वेळ माझ्या शेजारी बस. त्या संध्याकाळी मला काय ठाऊक होतं ते मी तिला सांगणार आहे, आणि एकट्यानं ते माझ्या तोंडून निघत नाही. दोनदा तिच्या दारातून परत आलोय.

तुझाच,
बाबा