स.मि.सं. म्हणजे आम्हीच

३ तारीख, सोमवार
संस्थेची पाटी लागली. ‘संवादिनी मित्र संघ’ एवढं लांबलचक कोण वाचणार? म्हणून अध्यक्ष या नात्याने मी नुसतं स.मि.सं. ठेवलं; पहिला अनुस्वार पाटीवर मावला नाही. मोठ्या संस्था अशाच असतात. नेटवर शोधलं तरी पहिला नंबर माझाच येतो. बायको म्हणाली, सरळ पेटीवाले म्हणा की, लोकांना कळेल तरी. हिला भव्यतेचं वावडंच आहे.

५ तारीख
दिवसभर फोन. सायकल मित्र संघ का? सहल मित्र संघ का? एकाने सासू मित्र संघ का, असंही विचारलं. प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

६ तारीख, दुपार
सर्पमित्र संघही स.मि.सं.च निघाला! एक बाई किंचाळत होत्या, लवकर या, फ्रिजखाली गेलाय. राँग नंबर म्हणालो आणि खुर्चीवर पाय घेऊन बसलो. घाबरलो नाही. पायांना आराम.

८ तारीख
साप, साप, साप. कुणाच्या गच्चीत, कुणाच्या बुटात. मिक्सरची वायर बघून ओरडलो. हिला सांगितलं, वरचा सा लावत होतो.
मेहुणा, म्हणजे आमचा सेक्रेटरी, पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये नाव बदलायचा ठराव आणणार म्हणे. अस्तनीतला साप! (हे लिहिताना अस्तनी तपासली.) मरेन, पण स.मि.सं. सोडणार नाही.

९ तारीख
निश्चय: ‘साप’ ऐकलं की फोन ठेवायचा. सकाळी एकाने ‘साहेब’ म्हटलं, ‘सा’वरच ठेवला. भीती गेलीच समजा. बाथरूममध्ये आधी हिला पाठवतो, एवढंच.

१४ तारीख
अखेर आपला माणूस! एक गृहस्थ फारच घाबरलेले. म्हणाले, पेटीत आहे, हात लावला की फुस्स करतो. मला हसूच आलं. भाता फाटलाय, दुसरं काय! म्हटलं, आयुष्य गेलं माझं पेट्या उघडण्यात, द्या पाठवून. त्यांनी दहादा आभार मानले. परवा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाजवून दाखवणार. मेहुण्याची बोलती बंद.

१५ तारीख, दुपार
पेटी आली. पत्र्याची आहे. टेम्पोवाला ठेवून पळालाच. फुस्स स्पष्ट ऐकू येतोय. दोर सोडतो.

तीच दुपार, टेबलावरून
आपली पेटी नव्हे.
झाकण आपटलं. हाताला लागेल ते वर ठेवलं: स्क्रू ड्रायव्हर, चष्म्याची डबी, माझा फोन. ही बाहेरून कडी लावून शेजारी गेली. घाबरलोय. खरंच खूप घाबरलोय. अक्षर बघा.
पण डोकं शाबूत आहे. हिचा फोन टेबलावरच राहिलाय. सर्पमित्रांनाच बोलवावं. स.मि.सं. शोधलं, पहिलाच नंबर लावला.
हिच्या स्क्रीनवर नाव आलं: अहो.
पेटीवर रिंग वाजतेय. झाकण हलतंय.
नाव बदलायला माझी काहीही हरकत नाही.