एकतिसावं पान

सोमवार, ९ फेब्रुवारी
आधी दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलंय की 'पर्णवैद्य' हे झाडांच्या रोगांचं ॲप फुकट आहे आणि बदल्यात काहीच घेत नाही. हे चूक आहे. ते कॅमेरा, ठिकाण आणि फोनमधले सगळे नंबर घेतं. 'काहीच' ऐवजी 'फारसं काही' असं वाचावं. खोडलेलं नाही, कारण वहीत खोडायचं नसतं, खाली दुरुस्ती लिहायची, असं अप्पय्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवलंय. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जाता येत नसे म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. ते गावचे पोस्टमास्तर होते. त्यांचा पहिला धडा मुळाक्षरांचा नव्हता. न वाचता सही करायची नाही, हा होता.

म्हणून मी अटी वाचल्या. अडतीस पानं, शब्दकोश घेऊन, गोठ्यामागच्या चढावर उभी राहून, कारण नेट तिथेच येतं. दोन दिवस लागले.

आणखी एक दुरुस्ती. 'सगळी पानं वाचली' असं लिहिलंय. सदतीस वाचली. एकतिसाव्याला वासरू सुटलं. त्याला बांधून येईपर्यंत बत्तिसावं पान आलं होतं, आणि मागे जायचं बटण मला सापडलं नाही. पण तीस पानं सभ्यपणे बोलणारा माणूस एकतिसाव्याला शिव्या देत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी
ॲप कशासाठी घेतलं ते कुठेच लिहिलेलं नाही. नोंद पूर्ण असावी.

दोड्डम्मा, म्हणजे अप्पय्यांची थोरली वहिनी, अप्पेमिडी घालते. बोटाएवढ्या कोवळ्या रानकैऱ्यांचं हे लोणचं. तिच्या बरण्यांना बेंगळुरूहून मागणी येते. दोड्डप्पा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून ती त्यावर जगते आणि कुणापुढे हात पसरत नाही. कैऱ्या नदीकाठच्या रानातल्या एकाच झाडाच्या. आमच्याकडे कुणी आपलं झाड कुणाला दाखवत नाही. सोनं कुठे पुरलंय ते सांगतील, झाड नाही. दोड्डम्मा घरून देवळाकडे निघते, प्रदक्षिणा घालते आणि देवळामागून रानात शिरते.

यंदा तिचा गुडघा धरला, म्हणून तिने मला बरोबर नेलं. म्हणाली, "अप्पय्याला सांगायचं नाही. तुझ्या अम्माला तर मुळीच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू वाचून सवरून वागणारी, म्हणून तुला."

पानांवर काळे ठिपके दिसले. दोड्डम्मा कैऱ्यांचा वास घेत होती तेवढ्यात मी फोटो काढला. तिला न सांगता झाड बरं करायचं ठरवलंय.

'पर्णवैद्य'चं निदान आलं. पाणी जास्त होतंय, कुंडी खिडकीपासून दूर ठेवा. झाड साठ फूट तरी असेल. पण सल्ल्यामागची काळजी खरी वाटली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
मोफत तज्ज्ञ हवा असेल तर फोटो सर्वांना दाखवा, असं ॲप म्हणालं. मी घाई केली नाही. रात्रभर विचार केला आणि झाडाच्या नावापुढे 'गुलाब' लिहिलं. आता कुणाला संशय येणार नाही. ठिपके पडलेल्या गुलाबाकडे कोण बघतं?

खोटं लिहिल्याची टोचणी लागली. दुसरा डोसा गेला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी
सतरा जणांनी चूक दाखवली. शिवमोग्ग्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "ताई, हा गुलाब असेल तर मी बेडूक आहे. हा रानातला अप्पे आंबा आहे, घोस बघा, असा आता दिसत नाही." त्यावर ॲपने नोंदीला 'दुर्मीळ' असा शिक्का मारला आणि नकाशात सगळ्यात वर टांगली. मला 'हरित रक्षक' असं पदक मिळालं.

आनंद झाला. आनंद झाल्याची लाज वाटली. मग पुन्हा थोडा झाला.

ठिपक्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई पदक बघून म्हणाल्या, ८ मार्चला तूच बोल, विषय 'मोबाइल आणि सावधगिरी'. हो म्हटलं. अटी वाचणारी गावात मी एकटीच आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी
मोटारसायकलवरून दोघे अनोळखी आले. पाणी मागितलं, मी ताक दिलं. गोठ्यामागून नदीकडे वाट आहे का, असं विचारलं. आहे, पण काटे आहेत, जपून जा, असं मी सांगितलं. त्यांच्याजवळ रिकामी पोती होती. थंडीचे दिवस, अंगाखाली घालायला असतील.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
ओढ्यापलीकडचे मंजण्णा आले. तेही अप्पेमिडी विकतात. अंगणात उभे राहून ते एकदा फोनकडे आणि एकदा गोठ्याकडे बघत होते. दोड्डम्मा ओसरीवर सुपाऱ्या सोलत होती. तिला म्हणाले, "अक्का, हा फोन म्हणतो तुमच्या गोठ्याला वळसा घालून डावीकडे. अकरा वर्षं मी तुमच्या मागे देवळापर्यंत चालत आलोय. फुकट प्रदक्षिणा घालून घालून मला पुण्य किती लागलं असेल."

दोड्डम्माने फोन हातात घेतला. फोटोत कोपऱ्यात तिची वेताची टोपली आहे आणि निळ्या लुगड्याचा काठ. पुष्कळ वेळ बघत होती. मग फोन परत देत म्हणाली, "फोटो छान आलाय. कुणीतरी जवळच्याने काढलाय." जवळच्याने म्हणजे जवळ उभं राहून, असं तिला म्हणायचं असावं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला काही दिसलं नसणार.

तरीही तिला सांगायला हवं. उद्या सांगेन.

शनिवार, २१ फेब्रुवारी
तिचा उपास होता. उपाशी माणसाला सांगू नये.

सोमवार, २३ फेब्रुवारी
कैऱ्या उतरवायला गेलो. दोड्डम्माने काठीला जाळी बांधलेला झेला घेतला होता. ती एकेक घोस देठासकट उतरवते, कारण देठ तुटला की चीक जातो आणि चीक गेला की लोणचं मऊ पडतं.

झेल्याचं काम पडलं नाही. वरच्या घोसांसाठी लोकांनी फांद्याच तोडल्या होत्या. खालची वाळू पानांनी झाकली होती. दोड्डम्मा गुडघा दाबत खाली बसली आणि पडलेली एकेक कैरी उचलून वास घेऊ लागली. अर्धी टोपली भरली. दरवर्षी अकरा भरतात.

मी म्हटलं, माकडांनी केलं असेल.

ती म्हणाली, "माकडं कोयते बाळगायला लागली म्हणायची."

परतताना ती देवळाकडून वळली नाही. सरळ गोठ्यामागून आली. म्हणाली, "आता कशाला?"

मंगळवार, २४ फेब्रुवारी
नोंद पुसायला बसले. खातं बंद व्हायला नव्वद दिवस लागतात. नोंद मात्र राहते. का, म्हणून मदतीच्या रकान्यात विचारलं. उत्तर आलं, एकतिसावं पान बघा, आणि खाली त्या पानाची वाट दिली होती.

वाचलं. तुम्ही दिलेली नोंद सर्वांची आणि कायमची, असं लिहिलंय. ठिकाण दुरुस्त करता येईल, पुसता येणार नाही. दोन मिनिटांत वाचून झालं. शब्दकोश लागला नाही. सगळ्या अडतीसांत हेच पान सोपं आहे.

ठिकाण दुरुस्त केलं, झाड देवळाच्या आवारात नेलं. शिवमोग्ग्याच्या गृहस्थांनी अर्ध्या तासात ते परत नदीवर नेऊन ठेवलं. "ताई, पुन्हा?" एवढंच लिहिलं होतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
दोड्डम्माने अम्माच्या फोनवरून बेंगळुरूला कळवलं, यंदा बरण्या नाहीत. घरात बसून ऐकू येत होतं. प्रत्येकाला तेच, त्याच आवाजात. एका बाईंनी कारण विचारलं असावं. दोड्डम्मा म्हणाली, "झाड म्हातारं झालं हो." अठ्ठेचाळीस जणांची यादी होती, सहा बरण्या झाल्या आहेत.

आज सांगणार होते. पण ती फोन ठेवून लगेच आडवी झाली, भर दुपारी.

भाषणाचा पहिला परिच्छेद लिहिला. 'भगिनींनो, फुकट काहीच नसतं.' पुढे सुचत नाही.

सोमवार, २ मार्च
आनंदाची बातमी. दोड्डम्माजवळ आणखी एक झाड आहे. तिच्या सासूने दाखवलेलं, खूप आत, वरच्या अंगाला, तिथे कैऱ्या उशिरा धरतात. आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. सकाळी तिने झेला काढला, टोपली काढली. मी चपला घातल्या.

म्हणाली, "तू राहा. अम्माला नेते."

मी आठवण करून दिली की अम्माच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यावर म्हणाली, "तीळच ना. तोंडातून सांडला तर गावापुरता सांडेल. तू भाषणाची तयारी कर." माझी तिला किती काळजी. जाताना अम्माचाही फोन तिने माझ्या हातात दिला. "दोन्ही सांभाळ. तुला त्यातलं कळतं."

दोघी देवळाच्या दिशेने गेल्या. मी चढावरून बघत होते. प्रदक्षिणा घातली, देवळामागे गेल्या, पुढचं दिसलं नाही. मीच बघितलं नाही. बघणंसुद्धा बरं नव्हे.

संध्याकाळी दोन टोपल्या आल्या. अम्मा आल्यापासून गप्प आहे. मी तिला इतकं गप्प कधी पाहिलं नाही. बहुतेक दमली असावी.

दोड्डम्माला बिचारीला अजून काहीच माहीत नाही, हेच मला सहन होत नाही. आता सांगायलाच हवं. उद्या नको, उद्या ती कैऱ्या मिठात घालेल. परवा मीठ सुटतं, तेव्हा ती कुणाशी बोलत नाही. दिवस चुकू नये म्हणून आठवण करून देणारं एक ॲप घेतलंय, फुकट आहे. अटी सतराच पानं. सोळा वाचली, तेवढ्यात अम्माने हाक मारली.

आठवण लावली आहे: गुरुवार, ५ मार्च, सकाळी साडेसहा, तिचा कषायाचा पेला पिऊन झाल्यावर.