माननीय क्रायटेरिया साहेब यांस

प्रिय मेव्हिसताईस,

अर्नीचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? भाओजींचं पेरूवरच्या पोपटांशी चाललेलं भांडण मिटलं का? इकडे तुझी भावजय नोएलीन ठीक आहे. माझी पाठ मात्र कामातून गेली. तीस वर्षं मेंढ्या कातरल्या, आता लांबून मेंढी दिसली तरी कणा कुरकुरतो. आठ महिने घरी बसून आहे. नोएलीन काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

तर कौन्सिलच्या फिरत्या वाचनालयाला ड्रायव्हर हवा होता. अर्जात लिहिलेलं, खालील क्रायटेरियाला अ‍ॅड्रेस करा. मला वाटलं, कोणी ग्रीक साहेब असतील (आपल्या गावातलं कॅफे ग्रीकांचंच होतं ना!). खाली पाच कलमं होती, म्हणून पाच पत्रं लिहिली, 'माननीय क्रायटेरिया साहेब' अशी सुरुवात करून, आणि पाकिटांवर कौन्सिलचा अ‍ॅड्रेस घातला. शेवटी असंही होतं की उमेदवाराने सगळे क्रायटेरिया मीट केले पाहिजेत. म्हणून शर्टाला इस्त्री करून साहेबांना भेटायला गेलो.

वाचनालयाच्या मिस थ्वेट्स खिडकीशी होत्या. त्यांनी पाचही पत्रं वाचली, आणि हसल्या नाहीत (मी असतो तर लोळलो असतो). म्हणाल्या, "अर्नी, साहेब आत नाहीत. साहेबच नाहीत. क्रायटेरिया म्हणजे निकष, माणूस कशावरून निवडायचा ते. पाच आहेत म्हणून क्रायटेरिया. एकच असता तर क्रायटेरियन." मग बाकावर माझ्याशेजारी बसून तासभर एकेक निकष विचारत गेल्या. वेळ पाळता? तीस वर्षं घंटेच्या ठोक्याला कातरी धरली. वाईट रस्त्यावर गाडी चालवता? दुसरा रस्ता पाहिलाय कुणी? त्या लिहीत गेल्या आणि ताई, माझ्या आयुष्याची पाच पानं झाली. मला वाटत होतं, ओळभरही होणार नाही.

आठवडाभर शब्द घोकला. खाटकालासुद्धा सांगितलं, चॉप निवडायचा माझा एकच क्रायटेरियन, चरबी. तो म्हणाला, "डोक्याला ऊन लागलं काय रे?"

मुलाखतीला अध्यक्ष प्लंकेट साहेब म्हणाले, "आता शेवटचा क्रायटेरिया." मी जीभ चावली. पण ती सुटलीच. "एकच असेल तर क्रायटेरियन, साहेब." मिस थ्वेट्स टेबलाखाली पेन शोधू लागल्या. प्लंकेट साहेब लाल झाले, मग म्हणाले, "वीस वर्षं मी चुकीचं बोलतोय, आणि एकानेही सांगू नये?" त्यांनी ते चक्क लिहून घेतलं. तो शेवटचा निकष असा, की दूरच्या शेतांवर एकटी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याशी चार शब्द बोलाल का? मी म्हटलं, माझं बोलणं थांबवायचं कसं, हे विचारायला बायकोला बोलवा. सगळे हसले.

निकाल शुक्रवारी. मला आशा वाटते, ताई. काल नोएलीनने ड्रायव्हरच्या सीटसाठी उशी शिवायला घेतली.

तुझा धाकटा,
अर्नी

ता. क. : माझ्याबद्दल चौकशी करायला ते गुरुवारी तुला फोन करतील. मी तुझं नाव दिलंय. अर्नी सावकाश चालवतो म्हण. पाद्रीबाबांच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून ट्रक नेला होता, तो विषय काढू नकोस.

पुन्हा ता. क. : चौकशीला नातेवाईक चालत नाही असा नियम आहे. लग्नानंतर तुझं आडनाव बदललं, ही देवाची कृपा. तेव्हा 'आमचा अर्नी' म्हणू नकोस, 'मिस्टर डॅगवर्थ' म्हण. आणि कृपा करून हसू नकोस.