बंदच्या दिवशी नेलेले दूध

बाबा, आपल्या गोठ्यात आता एकच गाय उभी आहे. तिचे दूध केंद्रावर पोहोचवून मी आत्ताच परतलो आहे. तुम्ही मला चौथीपर्यंत शिकवले. तेवढ्या शिक्षणावरही जे लिहावे ते शुद्ध लिहावे, असा माझा कटाक्ष आहे. म्हणून हे पत्र दोनदा उतरवून काढले.

माझ्या लहानपणी नालवाडीच्या मास्तरीणबाईंकडे आपला दुधाचा रतीब होता. एके सकाळी नाल्याला पाणी आले म्हणून मी अर्ध्या वाटेवरून सायकल वळवली. ते अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही शेण काढीत आहात, मी डबा घेऊन उभा आहे. तुम्ही रागावत नाही. डब्याकडे पाहून एवढेच म्हणता, "तिच्या घरी तान्हं लेकरू हाये. ते वाट पाहून राह्यलं. वरच्या पुलावरून जाय, पण जाय." मी गेलो. त्यानंतर रतीब कधी चुकवला नाही, आणि गावाने मला त्याबद्दल मान दिला.

आता दूध कोणाच्या घरी जात नाही. केंद्रावरून ते टँकरने शहरातल्या मोठ्या दुकानांत जाते. तिथे पिशवीवर जी किंमत छापलेली असते, तिच्या निम्मीही आमच्या हाती पडत नाही. गाईच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, खर्चसुद्धा निघत नाही. म्हणून यंदा गावाने ठरवले, की भाव वाढेपर्यंत केंद्रावर थेंबही घालायचा नाही. घरोघरी खवा आटवायचा. बैठकीत पहिला होकार माझा होता. आपल्या शेजारच्या घरची सून एकटीने दोन गाई सांभाळते. माझा होकार ऐकून तिनेही हात वर केला.

चार दिवस सगळे थांबले. चौथ्या दिवशी सायंकाळी केंद्राचा व्यवस्थापक आपल्या ओसरीवर आला. भावाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. म्हणाला, "काकाजी, बाकीच्यांचं सोडा. तुम्ही शब्दाचे पक्के माणूस. तुमचं दूध आजवर कधी चुकलं नाही." पाचव्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन केंद्रावर गेलो. त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या डब्याचे छायाचित्र गावातल्या सर्वांच्या फोनवर पाठवले. सायंकाळपर्यंत केंद्रासमोर डब्यांची रांग लागली होती. भाव होता तोच राहिला.

शेजारची सून दुसऱ्या दिवशी दारात आली. आत ये म्हटले तरी आली नाही. "काकाजी, आमी तुमच्याकडं पाहून थांबलो होतो. तुमीच काऊन गेलते?" मी ताठ बसून सांगितले, की रतीब चुकवायचा नाही ही आमच्या वडिलांची शिकवण आहे. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती म्हणाली, "मोठ्या बाबांची शिकवण असन तं मंग आमी काय बोलाव?" तिला ढेप परवडेना; पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गाई सिंदी गावच्या एका माणसाने विकत नेल्या. आता ती मजुरीला जाते. वाटेत भेटली तर अजूनही मला नमस्कार करते.

त्यानंतर मी केंद्रावर जातो, तेव्हा खुर्ची भिंतीशी असते. कोणी ती पुढे करीत नाही.

हे पत्र मी तुमच्या दूध मोजायच्या पितळी मापात ठेवणार आहे. तुमच्या फोटोपुढे वाचण्याचे धैर्य मला नाही. बाबा, त्या सकाळी डबा उचलताना मला तुमची आठवण झालीच नव्हती. ती शेजारच्या सुनेने विचारल्यावर झाली.