शिंगांच्या रंगाचा डाग

चि. सौ. गीताबाई,

तुझ्या वडिलांचं पत्र महिनाभर माझ्या पुस्तकात पडून होतं. 'गालिच्यावर रंग माझ्या लेकीनं सांडला असेल, तर तिला लोणारला घेऊन जातो,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण रंग मीच सांडला होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरला, तो पुस्तकांच्या कपाटाला देताना डबा लवंडला. तुझी सासू तुला म्हणाली, "मंग काय गालिचा आपोआप रंगला वं?" तेव्हा मी, तुझा सासरा, पोथीत तोंड घालून बसलो.

डागाला गरम पाणी लावू नकोस. मी लावलं, म्हणूनच तो पसरला. सुरीच्या बोथट बाजूनं खरवडायचं, मग चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन कडेकडून आत टिपत यायचं. पण हे तुला कशाला सांगतोय? राहू दे, आल्यावर मीच काढीन. बाटली तेवढी चुलीजवळ नेऊ नकोस.

तुझी सासू देवळात आहे, तिला तिथंच सांगायला निघालोय. माझा धीर सुटला तर तू ही चिठ्ठी तिला वाचून दाखव.

वडिलांना सगळं खरं लिहून, आण्याचं तिकीट लावून सकाळी पत्र पेटीत टाकलं. घटकाभरानं ते परत मागायला गेलो, तर टपालवाला पेटी रिकामी करून गेला होता.

मामाजी